ते देणार नाहीत

संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. बहुतेक खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. माझ्या टीममधला एक मुलगा लॅपटॉप उघडाच हातावर तोलत माझ्या टेबलापाशी आला. त्याला येऊन जेमतेम दीड वर्ष झालंय. कोड नीटनेटका लिहितो आणि लिहिलेल्यावर जीव लावतो. “पाच मिनिटं आहेत का तुम्हाला?” त्यानं विचारलं. स्क्रीनवर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली एकच ओळ होती, पण ती उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर गेली होती. ऑर्डरमधून ग्राहक काढायचा, ग्राहकावरून पत्ता, पत्त्यातून शहर. यातलं काहीही, कुठल्याही पायरीवर, ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, निघू शकत होतं. म्हणून प्रत्येक पायरीला आधी ते आहे की नाही हे विचारायचं आणि मगच पुढे जायचं. तीन वेळा ‘इज नॉट नन’, मध्ये मध्ये ‘अँड’, आणि दर खेपेला ऑर्डरपासून सगळी साखळी पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या खाली त्यानं तीच गोष्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली होती. ऑर्डर, मग ‘?.’, मग ग्राहक, पुन्हा ‘?.’, मग पत्ता, पुन्हा ‘?.’, मग शहर. बोटभर ओळ. “पायथनमध्ये हे का नाही? मी रीतसर प्रस्ताव लिहायला घेतलाय. पाठवण्याआधी एकदा वाचाल का?”

स्क्रीनवरून नजर न काढता मी म्हणाले, “ते देणार नाहीत.”

तो “बरं” म्हणाला, लॅपटॉप मिटला आणि गेला. वाद घातला नाही, की तोंडही पाडलं नाही. मीही माझ्या कामाला लागले. पण घरी जाताना, रात्री भांडी आवरताना, दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना ते तीन शब्द पुन्हा पुन्हा कानात येत राहिले. उत्तर चूक होतं असं नाही. पण ते किती चटकन आलं! त्याच्या प्रस्तावाची एक ओळही मी वाचली नव्हती. आणि ‘ते’ म्हणजे नक्की कोण? ज्यांना मी कधी भेटले नाही, ज्यांच्याशी कधी बोलले नाही, त्यांच्या वतीनं मी परस्पर नकार देऊन मोकळी झाले होते. शिवाय ‘देणार’ हा शब्द. जणू वरच्या मजल्यावर कुणीतरी सिंटॅक्सची, म्हणजे भाषेत काय कसं लिहायचं त्या नियमांची, कोठी राखून बसलंय आणि आम्ही खाली पदर पसरून उभे आहोत. इतकी वर्षं या भाषेत काम करून माझ्या मनात तिचं हेच चित्र तयार झालं असेल, तर ते मलाच नीट तपासायला हवं होतं.

मीही एकदा मागितलं होतं. दहा-बारा वर्षं झाली असतील. बैठकांच्या वेळा जुळवणारा एक प्रोग्रॅम लिहीत होते. बाहेर दिवसांचा लूप (म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड), त्याच्या आत खोल्यांचा, त्याच्या आत वेळांचा. मोकळी वेळ मिळाली की तिन्ही लूपमधून एकदम बाहेर पडायचं. पायथनचा ‘ब्रेक’ फक्त सगळ्यात आतल्या लूपमधून बाहेर काढतो. म्हणून मी ‘सापडलं’ नावाचा एक फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण, केला. आत मिळालं की तो ‘ट्रू’ करायचा, बाहेर येऊन बघायचा, पुन्हा ‘ब्रेक’, आणखी बाहेर येऊन पुन्हा बघायचा, पुन्हा ‘ब्रेक’. पायथनमध्ये ओळ किती आत सरकली आहे यावरच सगळं ठरतं, त्यामुळे तो कोड उतरत्या जिन्यासारखा दिसायचा आणि प्रत्येक पायरीवर तोच फ्लॅग पुन्हा तपासलेला. जावामध्ये लूपला नाव देता येतं, पर्लमध्येही येतं. ‘अमुक नावाच्या लूपमधून बाहेर पड’ असं सरळ सांगता येतं. मग इथे का नाही? एका रात्रीत मी मोठ्या तळमळीनं मागणी लिहून काढली. उदाहरण दिलं, इतर भाषांचे दाखले दिले, ‘एवढीशी तर गोष्ट आहे’ असंही लिहिलं.

उत्तर चार ओळींचं आलं. सौजन्यानं लिहिलेलं होतं. हीच सूचना 2007 मध्ये पेप 3136 म्हणून (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा रीतसर प्रस्ताव) आली होती आणि पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी ती नाकारली होती, ती कारणं वाचावीत. कारणं दोन होती. ज्या कोडला याची खरोखर गरज पडावी इतका गुंतागुंतीचा कोड क्वचित असतो, आणि बहुतेक वेळा तो फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या वेगळ्या तुकड्यात, काढून ‘रिटर्न’ केलं की काम स्वच्छ होतं. दुसरं, ही सोय दिली तर योग्य ठिकाणी वापरली जाण्यापेक्षा, जिथे कोड सोपा करता आला असता तिथेच ती जास्त वापरली जाईल. माझं नुकतंच लिहिलेलं उदाहरण कुणीतरी सहा वर्षं आधीच पाहून ठेवावं, तसं ते वाटलं. मला राग आला. तो राग त्या नकाराचा कमी आणि ‘आधी शोधून बघायचं होतं’ या न लिहिलेल्या वाक्याचा जास्त होता.

पण दुसऱ्या दिवशी मी तो कोड फंक्शनमध्ये काढला. फंक्शन म्हटलं की नाव द्यावं लागतं. ‘पहिली मोकळी वेळ शोध’ असं नाव टाइप केलं आणि थांबले, कारण आतला कोड नुसता शोधत नव्हता. मिळालेली वेळ तिथल्या तिथे नोंदवतही होता. तीन लूपच्या तळाशी, फ्लॅगच्या धुरळ्यात, दोन वेगळी कामं एकमेकांत मिसळली होती आणि मला ती कित्येक दिवस दिसली नव्हती. वेगळी केल्यावर जिना गेला, फ्लॅग गेला. मला मागितलेलं मिळालं असतं, तर मी लूपला एक नाव दिलं असतं आणि ती गुंतागुंत तशीच राहिली असती. हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. आणि तितक्याच प्रामाणिकपणे हेही सांगते, की त्यानंतर एका जागी खरोखर तीच सोय हवी होती. फंक्शनमध्ये काढायचं तर त्याला नऊ गोष्टी बाहेरून पुरवाव्या लागत होत्या. तिथे अजूनही फ्लॅग आहे. तो दिसला की अजूनही टोचतो.

सिंटॅक्सची मागणी ही फार जवळची गोष्ट आहे, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आवडली नाही तर आपण दुसरी घेतो. एडिटर बदलतो, कीबोर्डही बदलतो. पण भाषेत आपण दिवसाचे आठ-आठ तास राहतो. एखादी गोष्ट दिवसातून वीस वेळा त्याच आडवळणानं लिहावी लागली, की तो अडथळा बोटांत बसतो. गो या भाषेत काम करणाऱ्यांना विचारा. जवळपास प्रत्येक कॉलनंतर तीन ओळी: एरर ‘निल’, म्हणजे रिकामी, आहे ना? नसेल तर परत कर. कंस बंद. मूळ काम एका ओळीचं आणि नमनाला घडाभर तेल. लिहिताना मन पुढच्या विचारावर गेलेलं असतं आणि बोटं मागे राहून त्या तीन ओळी उरकत असतात. अशा वेळी ‘याला एक चिन्ह असतं तर’ असं ज्याच्या मनात येत नाही, तो त्या भाषेत मनापासून काम करत नसावा असं मला वाटतं. मागणी येते ती बहुतेक वेळा लिहिण्याच्या अशाच क्षणातून येते.

आणि नकार मात्र वाचणाऱ्यांच्या बाजूनं येतो. हे मला फार उशिरा उमगलं. लायब्ररीतलं फंक्शन ज्याला नको तो इंपोर्ट करत नाही, विषय संपला. नवं चिन्ह भाषेत आलं, की ते न वापरणाऱ्यालाही वाचावं लागतं, कारण दुसऱ्या कुणीतरी ते वापरलेलं असतं आणि त्या कोडमधला बग रात्री साडेअकराला याच्या वाट्याला आलेला असतो. एडिटरच्या रंगांपासून फॉरमॅटरपर्यंत सगळ्यांना ते शिकवावं लागतं. पुस्तकं जुनी होतात. नव्यानं शिकणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यातच ‘हे दोन प्रश्नचिन्हांचं काय?’ असं विचारावं लागतं. सी शार्प या भाषेच्या टीममध्ये काम केलेल्या एरिक गनरसन यांनी एक हिशेब सांगितला होता: प्रत्येक नवी सूचना उणे 100 गुणांपासून सुरू होते. थोडीफार चांगली असून भागत नाही. तो खड्डा भरून काढून वर येण्याइतकी चांगली असावी लागते. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा तो मला अहंकार वाटला होता. आज कोड लिहिण्यापेक्षा वाचण्यात माझा जास्त वेळ जातो, आणि ते उणे 100 मला रास्त वाटतात. वय झालं म्हणून असं वाटतं की समज आली म्हणून, हे मात्र मला ठरवता येत नाही.

मेकफाइलमधल्या, म्हणजे प्रोग्रॅम बांधणाऱ्या ‘मेक’ या साधनाच्या सूचनांच्या फाइलमधल्या, टॅबचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. ज्याला तो कधी चावलाय त्याला वेगळं सांगायला नको. ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, आठ स्पेस चालत नाहीत, आणि स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. सेपरेटर नाही अशी एरर येते आणि माणूस समोरच्या कोऱ्या जागेकडे बघत राहतो. स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. टॅबची ती पद्धत चालून गेली म्हणून राहिली. काही आठवड्यांनी ती बदलावी असं त्यांच्या मनात होतं, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांचं चालू काम मोडायला नको म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. डझनभर लोक! त्या दिवशी बारा मित्रांना एकेक निरोप पाठवून भागलं असतं. त्यानंतर किती जणांनी त्या अदृश्य टॅबपायी संध्याकाळी घालवल्या असतील त्याची मोजदाद नाही. त्यातल्या दोन माझ्या आहेत. ही गोष्ट मी दोन्ही बाजूंनी वाचते. बाराजण असतानाही बदल इतका जड वाटतो, तर लाखो लोकांच्या भाषेत तो किती जड असेल. आणि त्याच वेळी, ‘आता उशीर झाला’ असं वाटायला लागतं तेव्हा खरं तर अजून किती लवकर असतं.

बदल म्हणजे काय ते मी एकदा अगदी जवळून पाहिलंय. पायथन 3.7 आलं 2018 च्या जूनमध्ये. त्यात ‘असिंक’ हा शब्द पूर्ण कीवर्ड, म्हणजे भाषेनं स्वतःसाठी राखलेला शब्द, झाला. आमच्याकडे रोज रात्री आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट होती. नव्या आवृत्तीवर नेली आणि ती सुरूच होईना. एरर आमच्या कोडमध्ये नव्हतीच. आम्ही वापरत असलेल्या एका लायब्ररीत, एका फंक्शनच्या कंसात, कुणीतरी काही वर्षांपूर्वी एका पॅरामीटरचं नाव ‘असिंक’ ठेवलं होतं. त्या शब्दाखाली एक छोटासा बाण. एवढाच दोष. लिहिणाऱ्यानं ते नाव ठेवलं तेव्हा तो साधा शब्द होता, आणि एका सकाळी भाषेनं तो आपल्याकडे घेतला. पुढे ‘मॅच’ आणायची वेळ आली तेव्हा त्यांनी वेगळी वाट काढली. ‘मॅच’ हे नाव तर असंख्य लोकांच्या कोडमध्ये होतं. पायथन 3.9 मध्ये नवा पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, आला, आणि त्याच्या जोरावर 3.10 मध्ये, म्हणजे 2021 साली, ‘मॅच’ हा ठरावीक जागीच कीवर्ड झाला. बाकी सगळीकडे तो पूर्वीसारखा साधं नाव म्हणून चालतो. कुणाचं काही मोडलं नाही. त्या एका शब्दाला घरात घेताना, त्या नावानं आधीच राहणाऱ्यांना बाहेर काढायचं नाही म्हणून केवढी खटपट केली असेल, हे मला ‘असिंक’च्या त्या बाणामुळे कळलं.

जावास्क्रिप्टवाल्यांना तर एवढीही मुभा नसते. ती वेबपानांची भाषा, तिथे जुनं पान मोडून चालतच नाही, कारण ते पान दुरुस्त करणारं कुणी आता उरलेलंच नसतं. 2018 मध्ये ॲरेसाठी, म्हणजे किमतींच्या यादीसाठी, ‘फ्लॅटन’ नावाची मेथड (तयार फंक्शन) यायची होती. मूटूल्स या जुन्या लायब्ररीनं त्याच नावाची स्वतःची मेथड ॲरेला पूर्वीच जोडलेली होती, आणि ब्राउझरची नवी मेथड आली की ती लायब्ररी वापरणारी जुनी साइट मोडत होती. शेवटी नाव ठेवलं ‘फ्लॅट’. रोज ते नाव लिहिणाऱ्या कितीजणांना त्यातली शेवटची तीन इंग्रजी अक्षरं कुठे गेली ते ठाऊक असेल?

एवढं सगळं समजूनही मी सरसकट नकाराच्या बाजूची होऊ शकत नाही, आणि त्याला कारण आहे पायथनमधलं एका ओळीतलं ‘इफ-एल्स’. अट खरी असेल तर हे, नसेल तर ते. सी भाषेत प्रश्नचिन्ह आणि कोलन देऊन हे केव्हापासून लिहिता येत होतं. पायथनमध्ये नव्हतं. 2003 मध्ये पेप 308 वर वापरणाऱ्यांचं मत घेतलं गेलं. कितीतरी वेगवेगळी रूपं समोर होती आणि कुठल्याच एकावर नीट एकमत होईना. तेव्हा ते राहून गेलं. पण नकार दिला म्हणून गरज कुठे जाते? लोक ‘अँड’ आणि ‘ऑर’ची एक युक्ती वापरत राहिले: अट ‘अँड’ हे ‘ऑर’ ते. दिसायला चतुर. मधली किंमत शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग निघाली की मात्र ती चुपचाप चुकीचं उत्तर द्यायची. एरर नाही, बाण नाही, काही नाही. ही युक्ती इतकी पसरली आणि तिच्यातून इतक्या चुका होऊ लागल्या, की 2005 मध्ये गुइडो यांनी एक रूप स्वतःच निवडलं आणि 2006 च्या 2.5 आवृत्तीत ते आलं. आधी किंमत, मध्ये अट, शेवटी ‘एल्स’. मला तो क्रम सुरुवातीला अगदी उलटा वाटायचा. आता दुसऱ्या भाषेत गेले की तिथला क्रम उलटा वाटतो.

वॉलरस नावाच्या चिन्हाचंही माझं तसंच झालं. कोलन आणि बरोबरचं चिन्ह, ‘:=’, आडवं बघितलं तर दोन डोळे आणि दोन सुळे. तुलना करता करताच किंमत नावात ठेवायची, म्हणजे आधी शोधा, ठेवा, मग मिळालं का बघा, या दोन ओळींची एक होते. पेप 572. त्या वेळी मी त्याच्या विरुद्ध होते, चारचौघांत तसं बोललेही होते. नाव ठेवायची एक रीत असताना दुसरी कशाला, असं माझं म्हणणं होतं आणि ते अजूनही मला पोकळ वाटत नाही. हा वाद फार कडवट झाला. गुइडो यांनी प्रस्ताव मंजूर केला, आणि 12 जुलै 2018 रोजी भाषेच्या प्रमुखपदावरून बाजूला होत असल्याचं कळवलं. एका प्रस्तावासाठी इतकं झगडायचं आणि शेवटी इतक्या लोकांना आपला निर्णय तिरस्करणीय वाटावा, हे आता पुन्हा नको, असा त्या पत्राचा सूर होता. 1989 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी पायथन लिहायला घेतलं होतं. मी ते पत्र उभ्यानंच वाचलं, आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. विरोध करणाऱ्या हजारोंतली मी एक, अगदी कडेची. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत गेलंही नसेल. तरी त्या दिवशी माझ्याच तोंडचे शब्द मला आठवत राहिले. ‘हे कुणाला हवंय?’ असं मी म्हणाले होते. विचारलं नव्हतं, म्हणाले होते.

आज माझी बोटं ‘:=’ सहज लिहितात.

सी++ चे जनक बियार्न स्ट्रॉस्ट्रुप यांचं एक निरीक्षण आहे: गोष्ट नवी असते तेव्हा लोकांना तिचं सिंटॅक्स ठसठशीत, लांबून दिसणारं हवं असतं, आणि तीच अंगवळणी पडली की तेच लोक म्हणतात, जरा आटोपशीर करा. म्हणजे मागणारे आणि अडवणारे हे दोन वेगळे गट असतात असंही नाही. पाच वर्षांच्या अंतरानं तोच माणूस दोन्हीकडे असतो. त्यामुळे एखादी गोष्ट येणार की नाही हे आधीच ठामपणे सांगणं फार अवघड आहे. गोचंच बघा. 2009 मध्ये भाषा जाहीर झाली तेव्हापासून लोक जेनेरिक्स, म्हणजे एकच कोड वेगवेगळ्या प्रकारच्या माहितीसाठी लिहिण्याची सोय, मागत होते. नाही, नको, अजून नाही, असं करत करत ते 2022 च्या मार्चमध्ये 1.18 आवृत्तीत आले. त्याच गोमध्ये एररच्या त्या तीन ओळींसाठी 2019 मध्ये ‘ट्राय’चा प्रस्ताव आला, तोही भाषेच्या जन्मदात्यांपैकी एक असलेल्या रॉबर्ट ग्रीसेमर यांच्याकडून, पण काही आठवड्यांतच तो मागे घ्यावा लागला. 2025 च्या जूनमध्ये टीमनं सांगून टाकलं की यापुढे निदान सध्या तरी एररसाठी नवं सिंटॅक्स करायच्या मागे लागणार नाही. भाषा एकच. एक मागणी बारा वर्षांनी फळाला आली, दुसरीचं दार बंद झालं. 2012 मध्ये कुणी मला विचारलं असतं तर दोन्हींना मी तेच तीन शब्द ऐकवले असते.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या टेबलाशी गेले. “काल मी वाचलंच नाही. दाखव,” म्हटलं. तो जरा गडबडला, मग खुर्ची सरकवून जागा केली. प्रस्ताव दीड पानाचा होता. सुरुवातीला मला वाटलं होतं तेच होतं: जावास्क्रिप्टमध्ये आहे, सी शार्पमध्ये आहे, कॉटलिनमध्ये आहे, स्विफ्टमध्ये आहे. मी आतून सावरून बसले, आणि शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं, की हाच विषय 2015 मध्ये पेप 505 म्हणून आलाय आणि पुढे ढकललेला आहे.

“हो, वाचलाय मी तो,” तो म्हणाला. “दोनदा. त्यावरचे आक्षेप पण. दुसऱ्या पानावर तेच घेतलंय.”

खरंच घेतलं होतं. मी काल संध्याकाळी त्याला जे ऐकवलं, त्याच्या किती पुढे तो आधीच गेला होता. आक्षेपांतला सगळ्यात मोठा त्यानं वर ठेवला होता: अशी चिन्हं हाताशी आली की लोक ‘नन’ आला कुठून हे विचारणंच सोडून देतील, जिथे मोठ्यानं मोडायला हवं तिथे कोड गप्प बसेल. या आक्षेपाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यानं ते तसं लिहिलं होतं. मी म्हटलं, आपण आपलाच कोड बघू या. हातच्या कांकणाला आरसा कशाला. आम्ही अशा लांबलचक ओळी शोधल्या. तेवीस निघाल्या. एकेक उघडून बघायला अडीच तास लागले. चौदा ठिकाणी ‘नन’ यायलाच नको होता. माहिती आत येते तिथेच ती अडवायला हवी होती आणि आम्ही आळसानं ती पुढे सोडून, वाटेवर जागोजागी ‘आहे का, आहे का’ असं विचारत बसलो होतो. तिथे ‘?.’ मिळालं असतं तर तो आळस कायमचा झाकला गेला असता. माझे लूप आठवले. सहा ठिकाणी छोटं फंक्शन पुरलं असतं. उरल्या तीन जागा. पत्ता नसणं हीच तिथली खरी, अपेक्षित स्थिती होती, आणि आमच्या त्या तीन ओळी नुसत्या लांब नव्हत्या. त्या वाचताना खरोखर चुकायला होत होतं. एकीत तर मधली पायरी तपासायची राहूनच गेली होती, आणि ती ओळ माझी होती.

“तेवीसमध्ये तीन,” तो म्हणाला. आवाज जरा उतरला होता.

“पण त्या तीन खऱ्या आहेत,” मी म्हटलं. मला स्वतःला ते ऐकून बरं वाटलं.

मग त्यानं इतर भाषांची यादी काढून टाकली आणि त्या तीन जागा वर घेतल्या, प्रत्येकीचं आधीचं रूप आणि नंतरचं. मी नंतरची ओळ वाचायला लागले. ‘?.’ पाशी डोळे अडखळले, आणि मी त्याला विचारलं, हे मोठ्यानं कसं वाचायचं? कुणाला फोनवर कोड वाचून दाखवायचा झाला तर? ‘प्रश्नचिन्ह टिंब’ म्हणायचं का? तो क्षणभर थांबला. मग सरळ म्हणाला, “असेल तर.” आणि पूर्ण ओळ वाचून दाखवली: ऑर्डर असेल तर ग्राहक, असेल तर पत्ता, असेल तर शहर. मी पुन्हा एकदा ओळीवरून नजर फिरवली. या वेळी ती कुठे अडली नाही.

प्रस्ताव अजून पाठवलेला नाही. चौदा जागांबद्दल त्यात लिहायचं असं त्यानं ठरवलंय, म्हणजे हे चिन्ह कुठे वापरू नये याचा एक परिच्छेद, आमच्याच कोडमधल्या उदाहरणांसकट. तो तुम्ही लिहा, असं त्यानं मला सांगितलं. काल रात्री बसले होते. चार ओळी झाल्यात. पाचवीत त्या माझ्या राहून गेलेल्या पायरीचं उदाहरण घ्यायचंय, आणि ते वापरू नयेच्या बाजूला जातं की वापरावंच्या, हे अजून ठरत नाहीये.